हरेल त्याने सांगायचं

"पोकर हा काळजाचा खेळ आहे. भित्र्यांनी पत्त्यांचे बंगले बांधत बसावं!" असं चष्मेवाल्याने भिंतीवरच्या रिकाम्या फ्रेमांना ठणकावून सांगितलं, आणि उठून दुकानाच्या दाराला आतून कडी घातली. न जाणो, भरदुपारी एखादं गिऱ्हाईक यायचं.

काउंटरवर पाण्याच्या बाटलीला फोन टेकवलेला होता. पडद्यावर हिरवं टेबल, टेबलाच्या पलीकडे ‘भूल’ नावाची खेळाडू. ही त्याची ताई. ती मोठ्या इस्पितळात भूलतज्ज्ञ होती; धडधाकट माणसाला दहापासून उलटे आकडे म्हणायला लावायची आणि सातापर्यंत घोरायला लावायची. पोकरमध्ये भाऊ नवालाच आडवा होई.

चिप्स फुकटच्या असल्या, तरी खेळ फुकटचा नव्हता. घरातलं नकोसं काम कोणी करायचं, हे दोघं पत्त्यांवर ठरवत. नंतर कोणी शब्द फिरवू नये म्हणून पैज आधी टेबलाखालच्या गप्पांच्या चौकटीत लिहायची, हा त्यांचा रिवाज. आत्याच्या गाण्याच्या कार्यक्रमाला शेवटपर्यंत कोण बसणार, काकांच्या कवितांना अभिप्राय कोण देणार, असे सगळे प्रश्न याच पद्धतीने सुटले होते. म्हणजे ती सगळी कामं भावानेच केली होती. आजची पैज ताईने सकाळीच लिहून ठेवली होती: ‘हरेल त्याने बाबांना सांगायचं. गाडी बंद.’

बाबा ताईकडे राहत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना मोटार शिकवली. दुसऱ्याच्या गाडीत बसले की अजूनही पायाखाली नसलेला ब्रेक दाबत. मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःच्याच फाटकाला दोनदा हूल दिली. तिसऱ्यांदा फाटक फसलं नाही. डोळे तपासले होते चष्मेवाल्यानेच. उजव्याने जवळजवळ दिसत नव्हतं, आणि डाव्याची परिस्थिती उजव्यापेक्षा बरी, एवढंच. "थोडं धूसर आहे, बाबा," असं म्हणून त्याने तेव्हा एक स्वच्छ काच बराच वेळ पुसली होती.

आत्ता हातात बदामाची नव्वी आणि अठ्ठी होती. टेबलावर चार पत्ते उघडे. त्यांत एक इस्पिक राजा आणि दोन पत्ते बदामाचे. पाचवा उघडायचा बाकी. तो बदाम निघाला तर पाच बदाम होऊन ताई गार. नाही निघाला तर हातात काहीच नाही. न दिसलेल्या शेहेचाळीस पत्त्यांत बदाम उरले होते नऊ. हिशेब काही आपल्या बाजूचा नव्हता. पण सगळ्या चिप्स आत्ताच पुढे लोटल्या तर ताई बिचकून पत्ते टाकेल, आणि नाही बिचकली तरी नऊ बदाम आहेतच. निव्वळ थाप मारायची त्याची छाती नव्हती. ही अर्धीच थाप होती, म्हणजे अजून खरी व्हायची राहिलेली गोष्ट.

काचेवर टकटक झाली. बाहेर बायको.

"अहो, दिवसाढवळ्या कडी लावून काय करताय?"

"खेळतोय. ताईशी."

"मग बाबांना काय सांगायचं ते पाठ करायला घ्या," ती म्हणाली आणि पुढे निघून गेली.

त्याने सगळ्या चिप्स लोटल्या.

ताई तीन सेकंदांत उत्तर द्यायची. आज वीस झाले, तीस झाले. त्याने शर्टाच्या टोकाने फोनचा पडदा पुसला. पन्नासाव्या सेकंदाला टेबलावर अक्षरं उमटली: ‘भूल’ने पत्ते टाकले.

शहाणा माणूस अशा वेळी आपले पत्ते दाखवत नाही. चष्मेवाल्याने दाखवले. बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, बघून घे!

लगेच फोन वाजला. ताईचा.

"काय ताईसाहेब, लागली का झोप?"

"ताई इस्पितळात गेली," बाबांचा आवाज आला. "ऐनवेळी बोलावणं आलं. डावाची वेळ संपेल, तुम्ही खेळा म्हणून फोन माझ्या हातात देऊन गेली."

चष्मेवाला स्टुलावरून उठला. उठून करायचं काय ते सुचेना, म्हणून पुन्हा बसला.

"चार बदामांवर सगळं लावलंस?"

"हो."

"माझ्याकडे तीन राजे होते. टेबलावरचा एक, हातातले दोन."

"मग टाकले कशाला?"

"खाली काहीतरी लिहिलेलं दिसलं. फोन नाकाला लावून वाचलं, त्यात वेळ गेला." बाबा खोकले. "हरेल त्याने बाबांना सांगायचं ना? मी हरलो. सांगून टाकलं."

रस्त्यावरून कोणीतरी हॉर्न वाजवत गेलं.

"मग?" चष्मेवाल्याने हळूच विचारलं. "काय म्हणाले बाबा?"

"चिडले थोडे. म्हणाले, डोळे तपासले तेव्हाच बोलायचं होतं की."

"हो."

"नंतर निवळले."

"हो बाबा."

"बरं, ऐक. शनिवारी दहा वाजता मला कटिंगला सोडशील?"