चेण्याच्या उतारावरचा बर्फ

मीरा रोडला थंडी पडते म्हणजे काय, तर लोक पंखा पाचावरून दोनवर आणतात. अशा गावात राहून संचिताला जानेवारीत हिमाचलातल्या स्पितीला गाडी न्यायची होती, तीसुद्धा बर्फातून, चाकांना साखळ्या बांधून. पूनम सागरमधल्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये ती नऊ वर्षं बायकांना गाडी शिकवत होती. दिवसभर दुसऱ्याच्या क्लचवर डोळा ठेवून ठेवून तिचा जीव विटला होता. एकदा तरी आपण स्वतः अवघड रस्त्यावर स्टिअरिंग धरायचं, एवढंच तिचं मागणं होतं. आता हे काय फार झालं?

ती ज्या मोटार क्लबात होती, त्याच्या तीन जिप्सी गाड्या तिकडे जाणार होत्या. दोन गाड्यांचे ड्रायव्हर ठरलेले, तिसरीसाठी परीक्षा. परीक्षा घेणारा कौस्तुभ क्लबचा म्होरक्या, सहा हिवाळे तिकडे गाडी चालवून आलेला. लाडीगोडी त्याच्याकडे चालायची नाही. त्याने कारखान्यातून बर्फाच्या चाळीस लाद्या मागवल्या आणि जवळच्या चेणे गावातल्या एका उतारावर फोडून पसरल्या. रस्त्याने जाणारी माणसं स्कूटर थांबवून बघायला लागली. नियम साधा होता. ड्रायव्हर आणि जोडीदार, दोघांनी दोन मिनिटं टबातल्या बर्फाच्या पाण्यात हात बुडवायचे. मग वीस मिनिटांत दोन चाकांना साखळ्या चढवून गाडी वर न्यायची. हातमोजे घालायला मनाई नव्हती, पण साखळीचा आकडा इतका लहान, की जाड मोज्यात तो सापडतच नाही. मध्येच जोडीदार बदलायचा असेल तर बदला, तो म्हणाला, नव्याने हात बुडवायला नकोत, घड्याळ मात्र थांबणार नाही.

संचिताचा जोडीदार तिचा नवरा, निकेत. माणूस सोन्यासारखा, पण उत्साह अंमळ जास्त. खाऱ्या हवेत साखळ्या गंजतील म्हणून त्याने आदल्या दिवशी त्यांना इंजिन ऑइलने न्हाऊ घातलं होतं आणि तशाच पोत्यात कोंबल्या होत्या. पेणकरपाड्यात त्यांच्या खिडकीचे गजसुद्धा दोन वर्षांत गंजतात, तेव्हा त्याला तरी दोष काय द्यायचा!

निकेतची आई शेवंती डबा घेऊन सोबत आली होती. मूळची रत्नागिरीकडची, पेणकरपाड्याच्या नाक्यावर एकतीस वर्षं मासे विकणारी. त्या दिवशी गुरुवार, गिऱ्हाईक थोडं, म्हणून तिने शेजारणीला जागा सांभाळायला सांगितली होती. संचिताने महिनाभर या साखळ्यांचा सराव केला, पण सासूला त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. आईंना यातलं काय कळणार, असं तिला मनापासून वाटत होतं.

पहिल्या जोडीचा वेळ उताराच्या पायथ्याशीच संपला. दुसऱ्या जोडीने साखळ्या झटपट चढवल्या, पण अर्ध्या वाटेत एक निसटली आणि गाडी मागे घसरत खाली आली.

मग संचिताची पाळी. टबातून हात काढले तेव्हा बोटं आपली आहेत की उसनी, तेच तिला कळेना. पोतं उलटं केलं तर आत साखळ्यांचा नुसता गुंता, आणि वर तेल. निकेत एक कडी ओढायचा, तर तीन अडकायच्या. आकडा धरायला जावं, तर सुळकन निसटायचा. सहाव्या मिनिटाला त्याने दोन्ही हात काखेत घातले आणि तो खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. संचिताला त्याचा राग आला, मग कीव आली आणि मग स्वतःचंच रडू यायला लागलं. नऊ वर्षांची आस सहा मिनिटांत मातीत जाणार होती.

शेवंतीने डबा खाली ठेवला. क्लबवाल्यांनी सकाळी चहासाठी पेटवलेल्या चुलीतली गार झालेली राख मूठभर घेतली, पदर खोचला आणि पोराला बाजूला सारलं. साखळीला आणि बोटांना तिने राख चोळली, बुळबुळीत वाम मासा धरायच्या आधी रोज चोळते तशी. ओढाओढ केली नाही. आधी टोक शोधलं, मग एकेक फेर सोडवत गेली. लहानपणी बापाची जाळी तिनेच सोडवलेली. गुडघे बर्फात टेकलेले. संचिता बघतच राहिली. या बाईच्या हातचं ती रोज जेवत होती आणि हे हात तिने कधी नीट पाहिले नव्हते.

मग तिलाही हुरूप आला. चाकाच्या आतला आकडा शेवंतीने लावला, बाहेरचा संचिताने. सतराव्या मिनिटाला दोन्ही साखळ्या चढल्या. संचिताने गाडी सुरू केली आणि दहा-बारा फूट पुढे घेतली, तोच शेवंतीने दारावर थाप मारली.

"थांब गो. आता परत आवळायला हवी."

संचिताने घड्याळाकडे पाहिलं. थांबलं तर वेळ जाणार होता. पण सराव करताना वाचलेलं तिला आत्ता आठवलं. साखळी चाकावर बसली की सैल पडते, ती पुन्हा ताणावी लागते. घाईत ती साफ विसरली होती. आईंना कसं कळलं, असं तिने विचारलं. "पाटी डोक्यावर घेतली की दहा पावलांवर चुंबळ परत बसवावी लागते," शेवंती म्हणाली, "न्हायतर सगळी मासळी रस्त्यावर."

संचिताने इंजिन बंद केलं आणि ती खाली उतरली.

उतार चढून गाडी वर पोचली तेव्हा वीस मिनिटं होऊन वर चाळीस सेकंद झाले होते. संचिताने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. कौस्तुभ चाकापाशी बसला, साखळी दोन्ही हातांनी हिसडून पाहिली. ती बोटभरसुद्धा हलली नाही.

"घाटात साखळी घट्ट लागते, चाळीस सेकंद तिथे कोणी मोजत नाही," तो म्हणाला. "गाडी तुमची. पण जोडीदार या मावशी असतील तरच."

संचिताला हसावं की रडावं कळेना. तिने सासूकडे पाहिलं. शेवंती हातांची राख पुसत होती. आठ दिवस धंदा बुडेल, म्हणाली, जागा सोडली तर दुसरी कोणी बसेल, मला काही जमायचं न्हाय. आग्रह तरी कोणत्या तोंडाने करायचा?

निकेत अजून हात काखेत घालून उभा होता. तो पुढे आला.

"आई, आठ दिवस तुझ्या जागेवर मी बसतो. पहाटे मासळीवर घालायचा बर्फसुद्धा मीच फोडीन."

शेवंतीने त्याची लालभडक बोटं आपल्या हातात घेतली आणि कितीतरी वेळ चोळत राहिली. एकतीस वर्षांत घरातल्या कुणी तिला असं म्हटलं नव्हतं. मग तिने संचिताला विचारलं, तिकडे नेसायला लुगडं चालेल की गरम पँट घ्यावी लागेल.