मागची सीट

चिखलीत जुन्या गाड्या पाहत चार चकरा मारल्या की वाटतं, या जिल्ह्यात शेतकरी राहतच नाहीत, सगळे डॉक्टरच राहतात. जी गाडी पाहावी ती डॉक्टरचीच. एकाच हाताची. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. मग क्लचचं पायडल झिजून गुळगुळीत कसं झालं, असं विचारलं की दलाल चहा मागवतो.

देऊळघाटच्या इंद्रभाननं असे चहा पुष्कळ ढोसले होते आणि गाडी घेतली नव्हती. भाजीपाला पिकवणारा माणूस. टोपलीत वरचे टमाटे लालबुंद दिसले की आधी तळाशी हात घालायचा. त्याला स्वस्तातली, कमी पेट्रोल पिणारी चारचाकी पाहिजे होती, आणि ती शौकासाठी नाही. बायकोच्या, छायाच्या, मणक्यातली गादी सरकली होती. दर आठवड्याला चिखलीला शेक आणि व्यायाम. दवाखान्यात जेवढा आराम पडायचा तेवढा परतीची जीप रस्त्यातच काढून घ्यायची. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं, असे हादरे बसत राहिले तर पाय बधिर होईल, मग ऑपरेशनच.

डोणगावच्या शेषराव दुकानदाराला गाडी विकायची आहे असं कळलं, तेव्हा इंद्रभान एकटाच निघाला. छायानं दारातच अडवलं.

"बसनार मी अन् पाहनार तुमी? मी बी येतो."

"तुले इंजिनातलं काय समजते?"

"इंजिनावर बसनार हाओ का मी?"

एसटीत पुढच्या सीटचा दांडा धरून, दात आवळून ती डोणगावपर्यंत आली. इंद्रभाननं दोन लाख पिशवीत मेथीच्या जुड्यांखाली ठेवले होते. त्याच्यावर एक रुपया नव्हता.

गाडी टिनाच्या शेडखाली उभी होती. पांढरी, लहान, एमएच अठ्ठावीस, म्हणजे बुलढाणा पासिंगची. शेषरावांनी रामराम केला आणि पाणी द्यायच्या आधी खोडीच सांगायला लागले.

"एसी थंड करत नाही. सकाळच्या पाह्यरी दुसरा गिअर अडते. एकदा मागून ट्रॉलीनं ठोकली, डिक्कीचं झाकण बदललेलं हाये. अ‍ॅव्हरेज अठरा. कोनी बावीस सांगतलं तं खोटं बोलून राह्यला समजा. दोन लाखाले देतो."

इंद्रभानला हे पटेना. विकणारा माणूस आपल्याच मालाची खोड सांगतो? लबाडाशी कसं वागायचं हे त्याला मंडईनं शिकवलं होतं. खऱ्या माणसाचं काय करायचं हे शिकवलंच नव्हतं. म्हणजे हा लहान खोडी पुढं करून मोठी दाबतो आहे. त्यानं बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी ओढून पाहिली, कपड्यांची पर्वा न करता खाली आडवा झाला, चटया उचलून गंज शोधला. एक चक्कर मारली. जे सांगितलं तेच निघालं, एक खोड जास्त नाही. तसा त्याचा संशय दुप्पट झाला.

"मंग विकता काऊन भाऊ?"

शेषराव किल्ली चाचपत राहिले. "आता लागत नाही."

एवढ्यात छाया, कोणी बस म्हणण्याची वाट न पाहता, मागचं दार उघडून आत बसली होती.

"आवो, इकडं या. पाठीखाली कोनी हात ठेवल्यावानी वाटते."

कित्येक महिन्यांत तिच्या कपाळावरची आठी अशी सुटली नव्हती. इंद्रभाननं ते पाहिलंच नाही. त्याचे डोळे सीटवर. पुढच्या सीटा फाटलेल्या, स्पंज बाहेर आलेला, आणि मागं वीतभर जाड गादी, नवं कव्हर, पाठीकडून उतार दिलेला, कोपऱ्यात उशी. अपघात! रक्त झाकलंय.

"मागंच एवढी मखमल काऊन? काय दाबलं बुडाशी? खरं बोला, मी पोलीस पाटलाले घेऊन येतो नाही तं."

"खरंच बोलून राह्यलो सकाळपासून," शेषराव म्हणाले. "मायसाठी करून घेतली. तिले बसता येत नव्हतं. बुलढान्याले नेत होतो, चिखलीच्या अलीकडंच गेली. यातच, तिथंच."

इंद्रभान दोन पावलं मागं सरला. "आदी काऊन नाही सांगतलं?"

"इंजिनचं इचारलं, टायरचं इचारलं. मानसाचं कोनी इचारलंच नाही."

"छाया, उतर खाली."

"नाही उतरत."

"अवं, मेली ना ते तिथं!"

"तुमची माय ज्या खाटीवर गेली, तिच्यावरच निजतो ना आपन? ते काय भंगारात देली?"

शेषरावांनी तोंड फिरवलं. इंद्रभान गाडीभोवती फिरला. आणि फिरता फिरता त्याच्या डोक्यातला मंडईवाला जागा झाला. ही गाडी दुसरं कोणी घेणार नाही. हे शेषरावांनाही माहीत आहे.

"मंग भाऊ, किमतीत फरक तं पडनच," तो म्हणाला. "अशा गाडीचे दोन कोन देते?"

छायानं आतून त्याच्याकडे पाहिलं. "पुरे करा."

त्यानं पुरं केलं नाही. आजारी बायको ज्या गादीवर आरामात टेकली होती, तिच्यातूनच त्यानं वीस हजार उपसून काढले. शेषरावांनी घासाघीस केली नाही. कागदांवर सह्या केल्या, नोटा न मोजता गल्ल्यात टाकल्या आणि छायाला म्हणाले, "वहिनी, उशी बी राहू द्या. तुमालेच कामी येईल."

मेहकर मागं पडलं तरी छाया बोलली नाही. गाडीत काहीतरी वाजेल म्हणून इंद्रभान कान देऊन चालवत होता. काहीच वाजत नव्हतं. गिअर नीट पडत होते. वाचलेल्या वीस हजारांत पुढच्या सीटा होतील, टायर होतील, असा हिशेब सांगून पाहिला. मागून हं नाही की चूं नाही. आरशात पाहिलं तर ती दिसेना. आडवी झाली होती.

चिखलीच्या अलीकडे मोठा खड्डा चुकला नाही. गाडी दणकन आदळली. बायको कण्हेल म्हणून त्यानं कान दिला. ती कण्हली नाही.

"छाया."

उत्तर नाही. गाडी चालती ठेवूनच त्यानं मान मागं वळवली.

"ओ छाया! छाये!"

"जित्ती हाओ मी," मागून आवाज आला. "समोर पाहा."