नुसतं टक

टक.

एवढंच. घरघर नाही, धूर नाही, फूटबोर्डखालून नुसतं टक. केतननं ब्रेक पुन्हा दाबून धरला, अंगठा बटणावर ठेवला, मनात आई एकवीरेचं नाव घेतलं आणि

टक.

रविवारची सकाळ. सारसोळ्याची गल्ली. स्कूटरशेजारी थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर बोईटं नि कोळंबी, आणि ओट्यावर बसून पोराकडे एकटक बघणारी त्याची आई, शेवंताबाई. बर्फ वितळायला लागला होता. नेरूळच्या सोसायट्यांमधली गिऱ्हाइकं रविवारी लवकर मासळी घेऊन मोकळी होतात, उशिरा गेलं तर कुत्रं विचारत नाही. पण आज प्रश्न नुसत्या मासळीचा नव्हता.

मागे एकदा ही स्कूटर भर रस्त्यात बंद पडली होती. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यानं शेवंताबाईनं ती ढकलत घरी आणली आणि मग आठवडाभर अंथरूण धरलं. तेव्हा केतनच्या हट्टापायी घरात ठरलं होतं, आणखी एकदा गाडीनं दगा दिला की धंदा बंद. तिनं देवीसमोर शपथ घेऊन कबूल केलं होतं.

"चला," केतन म्हणाला, "ठरल्याप्रमाणे आजपासून बंद."

"ती बंद पडली नाय. सुरूच झाली नाय. रस्त्यात बंद पडली तर, असं ठरलेलं."

"आई, तू कोर्टात जा."

"जाते. स्कूटर सुरू कर, तिच्यावर बसून जाते."

म्हणजे शर्त जिंकलेला माणूस कोण, तर केतन. आणि गुडघ्यावर बसून घाम गाळणारा कोण? तोही केतनच. ऐरोलीच्या टॉवरमध्ये बसून तो दिवसभर अनोळखी लोकांना फोनवर सांगत असे, बंद करा, थोडं थांबा, चालू करा. त्यानं चावी बंद केली. थोडा थांबला. चालू केली.

टक.

"किक मार ना!" समोरचा मितेश दारात ब्रश करता करता ओरडला.

किक नव्हती. आईनं दुखऱ्या पायानं मारू नये म्हणून केतननंच ती काढून भंगारात दिली होती. हे मितेशला ठाऊक होतं. म्हणूनच तो ओरडला होता.

"पेट्रोल हाय का बघ."

"मितेश, तू चूळ भर."

बॅटरी उतरली असेल. त्यानं हॉर्न दाबला तर सगळी गल्ली दचकली. हेडलाइटही चांगला लागत होता. मग बॅटरी नाही. फ्यूज? धडधाकट. ब्रेकच्या मुठीतला स्विच? मागचा दिवा पेटत होता, म्हणजे तोही ठीक. रिले? स्टार्टरच्या मोटरला करंट सोडणाऱ्या त्या रिलेच्या दोन टोकांना त्यानं पकडीचा दांडा आडवा लावला. बारीकशी ठिणगी उडाली, त्याचा हात झटकन मागे आला, कोपर स्टॅंडवर आपटलं, आणि मोटर? मोटर ढिम्म. बटण. टक. बटण. टक. त्यानं स्कूटरला लाथ घातली. पायाचा अंगठा

"चप्पल घालून मार," शेवंताबाई म्हणाली.

शेवटी त्यानं फूटबोर्डाचं झाकण उचकटलं. आत बॅटरी, आणि तिच्यापासून निघालेली काळी वायर जिथे सांगाड्याला बोल्टनं आवळलेली होती तिथे, खडकाला कालवं चिकटावीत तसा हिरवा-पांढरा थर. हीच अर्थिंगची वायर. हॉर्नला घोटभर करंट पुरतो, स्टार्टरला पोटभर लागतो, आणि इथे तर वाटच बुजलेली. त्यानं नखानं थोडा थर खरवडला. नखाला मिठासारखी पांढरी भुकटी लागली.

मीठ कुठून आलं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याचे वडील भैरू होडी पाण्यात घालायच्या आधी नाळेवर, म्हणजे तिच्या पुढच्या टोकावर, खाडीचं तांब्याभर पाणी ओतायचे. ते गेले, होडी विकली, तिच्या जागी स्कूटर आली. तेव्हापासून शेवंताबाई दर पुनवेला स्कूटरच्या पुढच्या भागावर खाडीचं पाणी घालत होती. केतन बघून हसायचा. ते पाणी घरंगळून कुठे मुरतं हे त्यानं कधी बघितलं नव्हतं.

दहा मिनिटांचं काम. पॉलिश पेपरनं घासायचं, बोल्ट आवळायचा.

किंवा.

तो उठला. हात पुसले.

"मोटर गेली, आई. जळाली."

"नक्की?"

"नक्की."

आता ती भांडेल, शिव्या घालेल, असं त्याला वाटलं. ती नुसती गुडघा धरत उठली आणि आत गेली. हे त्याला शिव्यांपेक्षा जड गेलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तांब्या होता.

"हे काय?"

"शेवटचं. होडी दिली तेव्हा बी घातलेलं. घरातनं जायच्या आधी एकदा खाडीचं पानी घालायचं असतं."

तांब्या उघड्या बॅटरीवर कलला आणि सकाळपासून केतनच्या छातीत साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

"अगं ओतू नको तिथे! त्या पाण्यानंच वाट लागलीय! बोल्ट आधीच गंजलाय, आणखी किती घासू मी..."

मितेशचा ब्रश तोंडातच राहिला.

शेवंताबाईनं तांब्या सरळ केला. "म्हंजे मोटर नाय गेली."

केतननं पकड उचलून पुन्हा खाली ठेवली.

"केतन."

"नाही गेली."

"तुझा बाप बी खोटं बोलायचा. पन बोलून झाल्यावर वरडायचा नाय."

त्यानं बोल्ट काढला. घासला, इतका घासला की लोखंड चांदीसारखं झालं. वायरचं टोक घासलं. आवळलं. झाकण बसवलं. बटण दाबलं आणि

घर्रर्र.

आनंद झाला असं म्हणता येणार नाही. त्याला दार धाडकन लावावंसं वाटत होतं आणि समोर दार नव्हतं.

"खोका ठेव पायाशी," ती म्हणाली.

"गुडघा?"

"गुडघा माझा हाय."

"आणि पाणी? पुढच्या पुनवेला? मागच्या चाकावर घाल हवं तर."

"होडीला मागनं कोन पानी घालतं रे?" तिनं पदर खोचला. "बघते. चाकाला घालीन, पन फुडच्या."

"आणि शपथ?"

"शपथ हायच की. रस्त्यात बंद पडली, तर बंद."

ती गेली. केतन गल्लीच्या तोंडाशी कान देऊन उभा राहिला, तो आवाज कुठेतरी अडखळावा म्हणून. वळणावर, मग देवळापाशी, मग मोठ्या रस्त्याला लागताना. आवाज कुठेच अडखळला नाही. बोल्ट त्यानं फारच घट्ट आवळला होता.