ताउनोचा चौथा चिमटा

गोठलेल्या तळ्यावर मासे धरताना बर्फाला पाडलेल्या भोकात हात घालघालून माझं उजवं मनगट कामातून गेलं, तेव्हापासून माझा धाकटा भाऊ ताउनो माझ्यासाठी मासा वर काढायचा चिमटा बनवतोय. लांब दांड्याचा, खटका ओढला की माशाची मान पकडणारा. हा त्याचा चौथा. आधीचे तीन तळ्याच्या तळाशी आहेत.

शनिवारी सकाळी माझ्या दोरीला भला थोरला पाईक मासा लागला. पाऊण तास झुंजून मी त्याचं तोंड भोकाशी आणलं.

"ताई, हात घालू नकोस! मी आलो!" ताउनो ओरडला.

"ये लवकर, दोरी तुटेल!"

त्याने चिमटा आत सारला. भोक एवढंसं, त्यात माशाचं डोकं. चिमट्याचे जबडे उघडेचनात. त्याने जोर लावला तसा खटका सुटला आणि चिमट्याने त्याचाच हातमोजा पकडला.

"हलू नकोस!" वर तो मलाच दटावू लागला.

"मी कुठे हलतेय? तूच नाचतोयस, मेल्या!"

शेवटी मी दोरी डाव्या हाताला गुंडाळली, बर्फावर पालथी पडले, दुसरा हात दंडापर्यंत पाण्यात घातला आणि कल्ल्यात बोटं अडकवून मासा ओढून काढला. मनगटातून अशी कळ आली की डोळ्यांत पाणीच आलं.

ताउनोने आपला कोट माझ्या हाताला गुंडाळला. मग पुटपुटला, "दांडा जरा लांब हवा होता."

"भोक मोठं पाड रे बाबा," मी म्हटलं, "भोक!"