सतरा साते

आमच्या शाळेच्या फाटकाशी एक फळा होता आणि त्यावर रोज सकाळी एक नवलाची गोष्ट लिहायचं काम माझ्याकडे होतं. माझं अक्षर चांगलं, एवढंच माझं कर्तृत्व. गोष्टी मधुकररावांच्या. माझे यजमान तारनाक्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. दिवसभर इंग्रजी मासिकं चाळायची आणि सकाळी माझ्या डब्याच्या रबराखाली एक चिठ्ठी अडकवून द्यायची, हा त्यांचा नेम. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. बॉलपेनच्या टोपणाला भोक ठेवतात, ते कुणी चुकून गिळलं तर श्वास चालू राहावा म्हणून. मी शाळेपाशी जामबागला बसमधून उतरले की खडू घ्यायची आणि जसंच्या तसं उतरवायची. अकरा वर्षं हे चाललं.

मला थट्टा कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. कुणी विनोद केला तर मी त्याचा खुलासा विचारते. गणिताच्या बाईला हे शोभतंही.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत मधुकरराव दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. तिथे पडल्या पडल्या त्यांनी एकदा माझ्याकडे शाळेच्या सुट्ट्यांची यादी मागितली. होळीची सुट्टी आहे का, उगादीची किती, बकरीद कोणत्या वारी. मला वाटलं, वेळ जात नसेल. मी यादी आणून दिली. मार्चच्या दोन तारखेला ते गेले. उशाशी बिस्किटांचा एक जुना डबा होता, त्यात अडतीस चिठ्ठ्या, प्रत्येकीवर तारीख. शाळेचे उरलेले दिवस मी मोजले. मी रजेवर असणार ते पंधरा दिवसही धरून बरोबर अडतीसच भरले.

मी रडले नाही. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. बायका येऊन माझ्या गळ्यात पडून रडल्या आणि मी त्यांना पाणी दिलं. सोळाव्या दिवशी शाळेत जाऊन सातवीला नफा-तोटा शिकवला. मुख्याध्यापिका इंदुताई म्हणाल्या, "निर्मलाबाई, तुमची कमाल आहे." कमाल कसली? आतून काहीच येत नव्हतं. भाजी आळणी लागत होती, बसमध्ये पायावर कुणी पाय दिला तरी समजत नव्हतं. बावीस वर्षांच्या संसारात मला या माणसाविषयी कधी काही वाटलंच नव्हतं की काय, ही एकच भीती मनात होती, आणि तीसुद्धा दुसऱ्या कुणाची असावी तशी दुरून दिसायची.

चिठ्ठ्या मात्र रोज उतरवत होते. मी नसताना इंदुताईंनी फळा कोरा ठेवला होता, म्हणून साचलेल्या चिठ्ठ्यांसकट कधी दोन-दोन लिहिल्या. एके दिवशी लिहिलं, 'मेंदूला स्वतःला वेदना होत नाही.' प्रार्थनेनंतर एका मुलीने फळा मोठ्याने वाचायचा, अशी आमच्याकडे पद्धत होती. त्या दिवशी पाळी सातवीतल्या नेहाची होती. तिने अक्षर अक्षर जुळवत वाचलं आणि विचारलं, "मॅडम, ये सच्ची में है क्या?" मी म्हटलं, "छापलेलं असतं ते."

आता मुलं मराठी असंच वाचायची. गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि या तेलुगू-उर्दूच्या शहरात मराठी शाळेत कोण मुलं घालणार? जूनपासून आमची शाळाही इंग्रजी माध्यमाची होणार होती. फाटकाशी नवा बोर्ड यायचा होता, फळा निघणार होता. मला त्याचंही काही वाटलं नाही.

माझी धाकटी बहीण योगिनी मधुकरराव गेल्यापासून माझ्याकडेच राहात होती. एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "ताई, एक बोलू? तू रोज पहाटे झोपेत सतराचा पाढा म्हणतेस."

"काहीतरीच."

"अल्ला कसम! सतरा साते आलं की अटकतेस, आणि एकशे नऊ म्हणून खुशाल पुढे चालतेस. मी तर डोक्यावर चादर ओढून हसते."

सतरा साते एकशे एकोणीस. मी जागेपणी जन्मात चुकलेली नाही. पण मी कप खाली ठेवला, कारण हे वाक्य मी लिहिलेलं होतं. माझ्या हाताने, शाळेच्या फळ्यावर.

फळ्यावरची प्रत्येक गोष्ट मुली एका वहीत उतरवून ठेवत. त्या दिवशी मी इंदुताईंच्या कपाटातून त्या सगळ्या वह्या काढल्या. मिळालं. नोव्हेंबर एकोणनव्वद: 'काही माणसे झोपेत पाढे म्हणतात. जागेपणी न चुकणारा पाढा झोपेत चुकतो.' मग मागेपुढे चाळत गेले. 'काही बायकांची झोपेत भुवई वर चढते, समोर कुणी चुकीचे उत्तर दिल्यासारखी.' 'काही बायका कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहतात आणि आपण एकदाच ओढले असे शपथेवर सांगतात.' 'कांदा चिरताना काही बायका दुसऱ्याच गोष्टीसाठी रडून घेतात. चिरायला मग एकाऐवजी चार कांदे घेतात.' ऑक्टोपस आणि बॉलपेनच्या मधे मधे, महिन्यातून एखादी. आणि मी शास्त्र समजून सुवाच्य अक्षरात शाळाभर जाहीर करत होते.

"इंदुताई," मी विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"अहो, कांद्याचं वाचल्यावर सगळ्या स्टाफला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लिहायचं बंद केलं असतं."

खरं होतं. मी बंदच केलं असतं आणि वर घरी भांडले असते. मला स्वतःचा भयंकर राग आला. दीड महिन्यात आलेली ती पहिली भावना, तीही राग. तो संध्याकाळपर्यंत टिकला आणि पुन्हा सगळं बधिर झालं.

तेवीस एप्रिलला, शाळेच्या शेवटच्या दिवशी, मी डब्यातली शेवटची चिठ्ठी उघडली. या खेपेला खडू उचलण्याआधी वाचली.

'सूर्य विझला तरी पृथ्वीवर आठ मिनिटे उजेडच असतो. काही बायकांना कळायला याहून वेळ लागतो. त्यांनी घाबरू नये.'

ती मी तशीच्या तशी लिहिली. अक्षर नेहमीसारखंच छान आलं. नेहाने वाचली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटून शाळा सुटली.

घरी आले. योगिनी ओट्याशी होती. तिला म्हटलं, "तू जरा बाहेर बस, आज मी करते." परडीतले कांदे काढले, चार मोजून घेतले, विळी मांडली, पाटावर बसले.

एकही चिरावा लागला नाही.