बाबांचे हाय-फाय स्पीकर

चिंचपोकळीच्या त्या खोलीत पाहुण्याला टेकायला जागा नसली, तरी राजाराम परबांच्या दोन हाय-फाय स्पीकरना मानाची जागा होती. अ‍ॅम्प्लिफायरचं ट्रेबलचं, म्हणजे वरचे सूर चढवायचं, बटण शेवटपर्यंत पिळलेलं आणि वर चिकटपट्टी. कुणी हात लावायचा नाही! गिरणीत पंचवीस वर्षं साच्यांवर कापड विणलेल्या माणसाला आवाजही झणझणीत लागतो, म्हणून घरातले हसायचे. सगळ्यात जास्त हसायची त्यांची लेक अनुजा.

तिच्या की-बोर्डला स्वतःचे स्पीकर नव्हते. दादरच्या एका नाटकात वाजवायची संधी आली, तेव्हा तिने वायर सरळ बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. हेडफोन होता, पण तो लावला की बाबांचा चेहरा उतरायचा. पोर वाजवते आणि आपण ऐकतो, यापलीकडे त्यांना आता दुसरं सुख नव्हतं. दोन महिने ते रोज स्पीकरच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. आवाज कानाला टोचायचा, म्हणून ही शहाणी की-बोर्डातलेच सूर मऊ करत गेली आणि तसेच सेव्ह करून तालमीला घेऊन गेली.

नाटकाचा संगीतकार हितेंद्र याने तिला पहिल्याच तुकड्याला थांबवलं. "अगं, गोधडी पांघरून वाजवतेस काय? वरचं काहीच येत नाहीये. घरी ऐकतेस कशावर?"

तिने सांगितलं.

"हाय-फाय स्पीकर गाणी ऐकायला ठीक गं, आपला आवाज तपासायला नाही. आणि ट्रेबल एवढा फुल? ऐकू येत नसल्यासारखा!"

तो सहज बोलून गेला. अनुजाला मात्र एकदम उलगडा झाला. साच्यांच्या खडखडाटात बाबांचे कान गेले होते, आणि आपण त्याला आवड समजून खिदळत राहिलो. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तरी मनाने पळवाट काढलीच: असेल थोडं कमी, वय झालंय.

शनिवारी पुन्हा वाजवून दाखवायचं होतं. बाबा पेपर आणायला गेले तेव्हा तिने चिकटपट्टी सोलली, बटण मध्यावर आणलं आणि सूर पुन्हा लख्ख केले. बाबा परतून खुर्चीत बसले. तिने शेवटचा तुकडा धरला, वरच्या सप्तकातला, घंटीसारखा नाजूक. आज तो कधी नव्हे इतका सुरेख येत होता. ओट्यापाशी भाकऱ्या थापणारी तिची आई बकुळा पिठाच्या हातांनीच पुढे आली.

"किती गोड वाजवतंस गो!"

बाबा हसऱ्या तोंडाने लेकीच्या हातांकडे बघत होते.

"नुसती बोटा काय नाचवतंस?" ते म्हणाले. "बटण चालू कर मगे."

आई जागच्या जागी थिजली. अनुजाने बटण चालू केल्यासारखं केलं आणि तोच तुकडा दोन सप्तकं खाली घेतला.

"हां, आता कसा!" म्हणत बाबांनी डोळे मिटले. ते बरंच झालं, कारण तिला रडू आवरत नव्हतं.