पैलवानची आंघोळ

"सांगतो, पण तुले काई पटणार नाई, संध्या," बुधाजी म्हणाले. "आमच्या पैलवान कुत्र्याच्या अंगावरले गोचीड असे माजले होते, का दोघा गोचिडांनी मिळून माही चप्पल अंगणभर ओढली."

संध्या हसली. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यातून पाळी संपवून ती सरळ त्यांच्या ओट्यावर आली होती. मांडीवर तिचा कुत्रा मोती मलूल पडलेला. त्याच्या कानात तुरीच्या दाण्यांसारखे गोचीड चिकटले होते.

बुधाजींनी एकतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात परिचराची नोकरी केली. बैलांच्या नाकपुड्या धरल्या, कुत्र्यांचे जबडे उघडून जंताच्या गोळ्या घशात ढकलल्या. निवृत्त झाले, कंबर गेली, तरी मोहल्ला काही त्यांना निवृत्त करायला तयार नव्हता. चिमट्याने गोचीड काढता काढता हात दुखू लागला, की ते पैलवानची गोष्ट काढत.

"मंग काय केलं, काकाजी?"

"कपाशीच्या पराटीवर फवारतात त्या औषधाचं एक टोपण टाकलं बादलीत, अन् घातली आंघोळ. टोपलंभर गोचीड गयून पडले. पैलवान इतका हलका झाला, का उठला अन् सुटला. थेट कौंडण्यपूर. वर्धा नदीत पोहला, मंदिराच्या पायरीवर बसला. अजूनबी तिथंच हाये. जत्रेत पेढे खाते."

एरवी या जागी त्यांच्या बायको केशरबाई "मीबी पाह्यला न, जाडा झाला" अशी भर घालत. अकरा वर्षं घातली होती. आज त्या सुपातली डाळच निवडत राहिल्या.

संध्याने पिशवीतून एक बाटली काढली. "म्हणजे हे चालते न? माह्या भावानं, किशोरदादानं वावरातून आणून देल्लं. मी सकायपासून भिऊन राह्यली होती."

बुधाजींचा चिमटा थांबला.

"हे नको. दवाखान्यात ने त्याले. वजन करून मानेवर थेंब टाकतात. घरातल्या भेगाबी झाडून घे, गोचीड तिथं लपते."

"रविवारपर्यंत सुट्टी नाई मले. कालपासून जेवला नाई हा." ती उठली, नळाखाली बादली लावली. "अन् तुमी तं दवाखान्याचे माणूस. तुमी घातलीच न आंघोळ? पैलवान तं धावत गेला."

एक वाक्य बोलायचं होतं. बुधाजींनी ते तोंडात घोळवलं. साथीच्या लसीकरणाचा तो आठवडा, रोज दोनशे जनावरं, संपलेलं औषध, रजेवरचा डॉक्टर आणि घरी आल्यावर पायाशी खाजवत बसलेला पैलवान, सगळं त्या वाक्यात बसत नव्हतं.

"पैलवानची गोष्ट येगळी," ते पुटपुटले. "थो अंगानं दांडगा होता."

संध्याने बाटलीचं टोपण फिरवलं.

केशरबाईंनी सूप खाली ठेवलं. उठून त्यांनी नळ बंद केला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "खोटं बोलून राह्यले हे, पोरी. कौंडण्यपूर नाई अन् पेढे नाई. ओलं अंग चाटलं पैलवाननं, तोंडाले फेस आला, अन् ह्यांच्याच मांडीवर गेला थो."